हेडलाइटचा फोकस: उजेड वाढवण्याआधी जागेवर आणा

कापसाची वेचणी जोरात आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या पिकअपचा निम्मा प्रवास अंधारात होतो. माल भरेस्तोवर सांज होते, नाहीतर बाजार समितीत नंबर लागावा म्हणून पहाटेच गाडी काढावी लागते. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ रुंद आहे, पण घाटंजी, मारेगाव, झरी-जामणीकडचे रस्ते अरुंद आणि बिनदिव्यांचे. त्यावर रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी असते, टिपेश्वरच्या अंगाला रोही आणि रानडुकरं आडवी येतात. ‘लाइट कमी पडतो’ म्हणून चालक झगझगीत एलईडी बल्ब घालून घेतो. बऱ्याच गाड्यांत मात्र उजेड पुरेसा असतो. तो पडतो भलतीकडे. म्हणून आधी फोकस तपासावा, मग वायरिंग, आणि बल्बचा विचार शेवटी करावा.

बल्बच्या आत काय असतं

अनेक पिकअपमध्ये एच-४ हॅलोजन बल्ब असतो: १२ व्होल्ट, अप्परला ६० वॅट, डिप्परला ५५. तो हातात धरून नीट पाहा (काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल राहिलं की काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो). आत दोन तारा दिसतील. डिप्परची तार पुढे असते आणि तिच्या खाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे तो रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर आदळून रस्त्याकडे उतरतो. वाटीची एक कड किंचित तिरपी असते. आपण डावीकडून चालतो, म्हणून त्या कडेमुळे डाव्या बाजूचा उजेड थोडा वर चढतो आणि रस्त्याची कड दिसते, तर समोरच्याचे डोळे वाचतात.

सगळं गणित त्या तारेच्या जागेवर बसवलेलं असतं. स्वस्त एलईडी बल्बमध्ये चिप नेमकी त्या जागी, त्या आकाराची नसली की उजेड फाकतो. जवळचा रस्ता पांढराफटक दिसतो, लांबचं कमी दिसतं आणि समोरचा चालक आंधळा होतो.

मालाने फोकस कसा बिघडतो

पिकअपची खरी अडचण तिच्या हौद्यात आहे. माल भरला की मागचे पाटे दबतात आणि नाक वर होतं. पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३ मीटर अंतर धरा. मागचा भाग पुढच्यापेक्षा ६ सेंटीमीटर जास्त दबला, तर गाडी २ टक्क्यांनी तिरपी होते. रिकाम्या गाडीचा डिप्पर १ टक्का खाली लावलेला असेल, तर भरल्यावर तो १ टक्का वर बघतो. दिवा जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर असेल, तर ५० मीटरवर उजेडाची वरची रेघ ४० सेंटीमीटरवरून १४० सेंटीमीटरवर जाते. म्हणजे थेट समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत.

फोकस कसा लावायचा

सपाट जागा आणि समोर भिंत हवी. जिनिंगच्या आवारातलं काँक्रीट किंवा गोदामासमोरचं अंगण चालेल. चाकांत हवा बरोबर भरा आणि चालकाच्या सीटवर कुणाला तरी बसवा. गाडी भिंतीला लागेल इतकी जवळ नेऊन दोन्ही बल्बच्या मध्यासमोर खडूने फुल्या मारा. मग सरळ मागे घेत दिवा भिंतीपासून १० मीटरवर आणा.

ज्या गाडीत दिव्याची पातळी बदलणारा स्विच डॅशबोर्डवर असतो, तिथे तो शून्यावर ठेवून, गाडी रिकामी असताना फुल्यांच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली आडवी रेघ ओढा. डिप्पर लावा आणि एका दिव्यासमोर पुठ्ठा धरून दुसरा बघा. उजेडाची सपाट वरची कड त्या रेघेवर बसली पाहिजे आणि डावीकडचा चढ फुलीच्या सरळ खालून सुरू झाला पाहिजे. दिव्यामागे सहसा दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करायला आणि एक डावी-उजवीकडे. पाव-पाव फेरा देत फिरवा. पुढे माल भरला की स्विचने उजेड खाली घ्या.

स्विच नसेल तर गाडीत नेहमीचा माल भरून फोकस लावा आणि कड फुलीच्या ५ सेंटीमीटर खाली ठेवा. वरच्याच हिशेबाने गाडी रिकामी झाल्यावर ती २५ सेंटीमीटर खाली जाईल आणि डिप्पर सुमारे ३६ मीटरच पोचेल. ताशी ६० किलोमीटर वेगात अडथळा दिसल्यापासून ब्रेक लावून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही जवळपास ५० मीटर जातात. म्हणून रिकाम्या परतीत, डिप्परवर असताना, वेग ४५ च्या आत ठेवा.

मग वायरिंग

फोकस बरोबर असूनही दिवा पिवळा, मंद वाटतो? आधी काच पाहा. प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर बारीक पाणपेपर आणि पॉलिशने ती साफ होते. नंतर इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचं आणि बल्बच्या होल्डरवरचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. व्होल्टेज १० टक्के घसरलं की हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्के घटतो. दोष बहुधा गंजलेल्या अर्थिंगमध्ये, सैल होल्डरमध्ये किंवा बारीक तारेत असतो. अर्थिंग घासून घट्ट करा. बॅटरीतून फ्यूज आणि रिलेमार्गे जाड तार थेट दिव्याला दिली की स्विचवरचा ताणही जातो.

शेवटी बल्ब

इतकं करूनही कमी पडलं तर त्याच वॅटचे चांगल्या कंपनीचे नवे बल्ब जोडीने घाला आणि फोकस पुन्हा तपासा. १०० वॅटचे बल्ब होल्डर वितळवतात. मनाने केलेला फेरबदल कायद्यातही बसत नाही: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८२-अ प्रमाणे नियमात न बसणाऱ्या प्रत्येक फेरबदलाला ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एलईडी हवाच असेल तर त्या गाडीसाठी मान्यता मिळालेला पूर्ण दिवा घ्यावा.

पाटे बदलले, टायरचा साइज बदलला, समोरून ठोकर बसली की फोकस पुन्हा लावून घ्या. कापसाच्या हंगामाआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये ऑइल आणि ब्रेकसोबत हे काम सांगून करून घ्या. अर्धा-एक तास लागतो, आणि त्याचा लाभ समोरून येणाऱ्या प्रत्येकाला होतो.