घरची सुई, दुसऱ्याचे बोट

घंटागाडीवर काम करणाऱ्या एक बाई परवा बोट धरून दवाखान्यात आल्या. कुणाच्या तरी घरची इन्सुलिनची सुई पिशवीतून टोचली होती. बोट साबणपाण्याने धुतले, हिपॅटायटिस 'बी'ची लस दिली, आणि एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्यात म्हणून लगेच जिल्हा रुग्णालयात पाठविले. हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू शरीराबाहेर ७ दिवस तग धरतो. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सुयांनीच या काविळीचे बळी घेतले होते.

मधुमेही वाचकहो, सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, पाऊण भरला की झाकणाला चिकटपट्टी लावा. उरलेल्या गोळ्या वैनगंगेत सोडू नका. दोन्ही माझ्याकडे आणा, दवाखान्याच्या कचऱ्यासोबत जातील.

बाईंची तपासणी ६ महिन्यांनी पुन्हा आहे. तोवर त्यांना झोप नाही.