उत्तर कारेलियाचा अर्ज
(लेखांक ६)

फिनलंडच्या पूर्व टोकाला, रशियाच्या सीमेला लागून उत्तर कारेलिया हा प्रांत आहे. १९७०च्या सुमारास तेथील लोकसंख्या १,८०,०००च्या आसपास होती. जंगलातली लाकूडतोड आणि चार-दोन गायींवर चालणारी शेती ही उपजीविकेची मुख्य साधने. दिवसभर बर्फात राबणारे, अंगापिंडाने दणकट पुरुष ऐन कर्त्या वयात हृदयविकाराने दगावत. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या पुढाकाराने सात देशांत झालेल्या अभ्यासात पूर्व फिनलंडचा क्रमांक या बाबतीत सर्वांत वाईट लागला.

जानेवारी १९७१मध्ये प्रांताचे गव्हर्नर, तेथून निवडून गेलेले खासदार आणि स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी यांनी सह्या करून सरकारकडे अर्ज दिला. या आजाराचे प्रमाण खाली आणण्यासाठी तातडीने उपाय करा, अशी त्यातली मागणी होती. प्रतिबंधासाठी सरकारदरबारी धरणे धरणारे लोक विरळाच; रुग्णालय मागणे सोपे असते, कारण त्याची इमारत दिसते.

१९७२मध्ये त्यासाठीच्या प्रकल्पाचे काम सुरू झाले. नेतृत्व पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरकडे आले, वय जेमतेम २६. पहिल्या पाहणीत चित्र स्पष्ट झाले: निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करणारे, रक्तातले कोलेस्टेरॉल भलतेच चढलेले, रक्तदाब वाढलेला असूनही उपचार नाहीत. पावावर लोण्याचा जाड थर, जेवणाबरोबर सायीसकट दूध, सणावाराला डुकराच्या मांसाचा खारट रस्सा. भाजीपाला हे गुरांचे खाणे, अशी अनेकांची समजूत होती.

नुसत्या पत्रकांनी हे बदलणार नव्हते. सर्वांत मोठा आधार मिळाला तो ‘मार्था’ या १८९९पासून चालत आलेल्या गृहिणींच्या संघटनेचा. गावोगावी दुपारच्या मेजवान्या भरू लागल्या. आधी डॉक्टरांचे चार शब्द, मग त्याच नेहमीच्या रश्श्याची चव, फक्त मांस व मीठ कमी आणि कंदभाज्या जास्त. पदार्थ ओळखीचा राहिल्याने नवऱ्यांची कुरकुरही आटोक्यात राहिली. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा शेकडो स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन प्रचारात ओढले गेले. रक्तदाबाची तपासणी आणि नोंदवही परिचारिकांनी सांभाळली. पुढे तर कोलेस्टेरॉल कोण जास्त उतरवतो, याच्या गावागावांत स्पर्धा लागल्या.

खरी लढाई दुकानात आणि गोठ्यात होती. दूध व्यवसायावर पोट असलेल्या प्रांतात लोणी कमी खा असे सांगणे म्हणजे शेजाऱ्याच्या भाकरीवर पाय देणे. डेअरी संघटनांनी विरोध केला आणि तो अनाठायीही नव्हता, कारण शेतकऱ्याला दुधाचा भाव स्निग्धांशावर मिळत होता. कालांतराने प्रथिनांना भाव देण्याची पद्धत आली. कमी चरबीचे दूध बाजारात रुळले. फिनलंडच्या थंडीत तग धरणाऱ्या, मोहरीच्या कुळातल्या तेलबियांमुळे देशी खाद्यतेल उपलब्ध झाले, आणि १९८०च्या दशकात शेतकऱ्यांना बेरीवर्गीय छोट्या फळांच्या लागवडीसाठी मदत देण्यात आली. मिठाबाबत तर १९९३पासून जास्त खारट पदार्थांवर तसा ठळक इशारा छापणे सक्तीचे झाले. तो टाळण्यासाठी अनेक उत्पादकांनी पाककृतीतले मीठच घटवले. ग्राहकाने लेबल वाचले नाही तरी त्याच्या ताटातले मीठ कमी झाले, हे या उपायाचे मर्म.

कर्त्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू चार दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले. याचे सगळे श्रेय एका प्रकल्पाला देता येत नाही. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू घटत होते, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतल्या निष्कर्षांवर संशोधकांनी बरीच टीका केली. मात्र प्रांतात जमलेले अनुभव १९७७नंतर देशभर नेण्यात आले. अशा वेळी सीमारेषा आखून तुलना करणे अवघडच. घटीचा मोठा वाटा औषधोपचारांपेक्षा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान उतरल्याचा होता, याबद्दल मात्र फारसे दुमत नाही.

एक गोष्ट या यशात बसत नाही: लठ्ठपणा. हृदयविकार उतरत असतानाच तेथील पुरुषांचे सरासरी वजन वाढत गेले. लाकूडतोडीची जागा यंत्रांनी घेतली, अंगमेहनत कमी झाली, गोड पेये व खाऊ स्वस्त झाला. हृदयविकारासाठी लोण्याच्या रूपाने एक स्पष्ट गुन्हेगार उभा करता आला होता. वजनाला मात्र गुन्हेगार अनेक, आणि त्यातले बहुतेक उद्योगधंद्यांशी जोडलेले. धोरणात ते लगेच दिसते. फिनलंडने २०११मध्ये मिठाई आणि आइस्क्रीमवर कर बसवला. स्पर्धेच्या नियमांवरून, म्हणजे काही गोड पदार्थांवर कर आणि त्यांच्याच पंक्तीतल्या बिस्किटांना सूट का, या प्रश्नावरून वाद वाढला आणि २०१७च्या सुरुवातीला हा कर रद्द झाला. शीतपेयांवरचा कर कायम राहिला.