भातातलं तण, युद्धातलं रसायन

रायपूरच्या कृषी केंद्रात भातातल्या मोथ्यावर औषध मागितलं, तर ‘टू-फोर-डी’ची बाटली पुढे येऊ शकते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाचा निम्मा भाग हाच!

उरलेला निम्मा टू-फोर-फाइव्ह-टी. तो बनवताना घातक डायॉक्सिन तयार होई आणि खरं जहाल विष तेच. व्हिएतनाममधल्या दा नांग विमानतळावरची डायॉक्सिनयुक्त माती किमान ३३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून शुद्ध करावी लागली; काम २०१८ मध्ये आटोपलं.

टू-फोर-डी मुख्यतः रुंद पानांचं तण मारतं, भाताला सहसा धक्का लावत नाही. म्हणूनच भातशेती जाळायला अमेरिकेने आर्सेनिकयुक्त ‘एजंट ब्लू’ निवडलं.

भारताच्या २०२० च्या बंदी-मसुद्यातल्या २७ रसायनांत टू-फोर-डीचंही नाव होतं.