पिल्लू लहान, लेकरू लहान; मध्ये मोठं माणूस हवं

शेतावरच्या वस्तीला कुत्रं लागतंच. रात्री रानडुक्कर आलं, कुणी परकं फिरकलं, तर पहिलं भुंकणार तेच. म्हणून कुणीतरी शेजारच्या गावातून एखादं पिल्लू आणतं आणि घरातली पोरं त्याला सोडत नाहीत. दोनच दिवसांत दीड वर्षाचं लेकरू आणि दीड महिन्याचं पिल्लू एकाच ओसरीवर लोळू लागतात. बघायला गोड वाटतं. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, इथंच जपायला हवं.

"एवढंसं पिल्लू, ते काय करणार?" असं आपण म्हणतो. पण त्याचे दुधाचे दात सुईसारखे असतात. लेकरू त्याची शेपूट ओढतं, कानाला धरून उचलतं, खाताना ताटलीत हात घालतं. पिल्लू आधी आपल्या परीनं सांगतं. अंग आखडतं, तोंड फिरवतं, शेपूट पायात घेतं, मग गुरगुरतं. मोठ्यांना हे कळतं, लेकराला कळत नाही. आणि मग चावा बसतो. पिल्लू उराशी धरलेलं असलं, तर तो तोंडावरही बसतो. गुरगुरलं म्हणून पिल्लाला मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं पुढं न गुरगुरताच चावू लागतं.

नियम साधे आहेत. पाच वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रं यांना एकटं सोडू नका, मग कुत्रं कितीही गरीब असो. कुत्र्याची भाकरी मुलांच्या वाटेपासून दूर, एका कोपऱ्यात ठेवा. ते खात असेल, झोपलं असेल, किंवा कुत्री पिल्लांना पाजत असेल, तर जवळ जायचं नाही, हे पोरांना रोज सांगा. पिल्लू उचलायचं नाही. खाली बसून, ते जवळ आलं तरच पाठीवरून हात फिरवायचा.

पिल्लांना आईकडूनच जंत येतात. दोन आठवड्यांचं झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यावं लागतं. मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. अंगणात विष्ठा पडू देऊ नका. खेळून आलेल्या लेकराचे हात साबणानं धुवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. पिसाळ रोग, म्हणजे रेबीज, पिल्लालाही होतो. माणसात त्याची लक्षणं एकदा दिसली की रोगी वाचत नाही, असंच धरून चाला. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. 1885 साली लुई पाश्चर यांनी ही लस एका नऊ वर्षांच्या मुलालाच टोचली आणि तो वाचला. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस द्या. पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी.

तरीही चावलंच, किंवा नखानं नुसतं ओरखडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद, तेल काहीही लावू नका. पट्टी बांधू नका. मांत्रिकाकडे न जाता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पोटातल्या चौदा सुयांची भीती बाळगू नका. ते दिवस गेले. आता लस दंडात टोचतात. सरकारी केंद्रात साधारणपणे पहिली सुई त्याच दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. एकही खेप चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही भरावं लागतं, तेव्हा तसं डॉक्टरांना विचारा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही विनंती. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून गावात कुत्र्यांच्या लसीकरणाचा एक दिवस ठेवा आणि आधी दवंडी पिटवा. अंगणवाडी सेविका आणि आशाताई हीच माहिती घरोघरी पोचवू शकतील.

कुत्रं आपलं रान राखतं. त्याच्या शेजारी खेळणारं लेकरू राखणं मात्र आपलंच काम.