कवड्याला मण्यार ठरवण्याआधी

पाऊस तोंडावर आला की कसाऱ्याच्या रानात आणि शेताच्या कुंपणांवर प्राण्यांचे रंग उजळतात. त्यांच्याविषयीच्या ऐकीव गोष्टींनाही तेव्हाच ऊत येतो.

गैरसमज: लाल मानेचा सरडा लांबूनच माणसाचं रक्त ओढतो.

वस्तुस्थिती: तो किडे खातो. विणीच्या हंगामात नराचं डोकं आणि खांदे शेंदरी होतात, गळ्यालगत काळे डाग उठतात. हा रंग मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दटावतो. झुंजीत हरलेल्याची लाली बघता बघता उतरते.

गैरसमज: खंड्याच्या पिसांत निळा रंग भरलेला असतो.

वस्तुस्थिती: तानसा-भातसाच्या काठी मासे टिपणाऱ्या खंड्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. आत केराटिनची स्पंजासारखी जाळी असते. तिच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांमुळे प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फिरतो. पीस बारीक कुटलं तर जाळी मोडते आणि निळाई जाते.

गैरसमज: गडद अंगावर पांढरे पट्टे, म्हणजे मण्यारच.

वस्तुस्थिती: या समजापायी बिनविषारी कवड्या साप हकनाक मारला जातो. साधारणपणे कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट: मानेकडचा भाग बहुधा कोरा, पुढे पट्टे स्पष्ट आणि अनेकदा जोडीजोडीने. तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांगही असते. कवड्याचं मण्यारीशी असलेलं वरवरचं साम्य शिकारी प्राण्यांना दूर ठेवत असावं. काठी घेतलेल्या माणसापुढे मात्र ते कवड्याच्या जिवावर उठतं. ओळख पटवायला जवळ जाऊ नये, सर्पमित्राला बोलवावं. मण्यार बहुधा रात्री चावते आणि दंश फारसा दुखत नाही, म्हणून शंका आली तरी थेट दवाखाना गाठावा.

गैरसमज: फुलपाखरं ठरवून दुसऱ्याचं सोंग घेतात.

वस्तुस्थिती: कढीपत्त्यावर अंडी घालणाऱ्या कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझसारख्या दिसतात. कॉमन रोझच्या अळ्या सापसनाच्या वेलीवर वाढतात आणि तिथलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनचं सोंग जन्मजात आहे. संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की ते ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकावर ठरतं. ज्या माद्या विषारी फुलपाखरासारख्या दिसल्या त्या अधिक वाचल्या, त्यांची पिल्लावळ वाढली. पण नकला फार झाल्या की पक्ष्यांना चविष्ट फुलपाखरंच जास्त सापडतात आणि त्यांची भीड चेपते. सगळ्याच माद्या सोंगाड्या नसण्यामागे हेही एक कारण मानलं जातं.