टोक नसलेली माळ

अंडे उकडत ठेवले, की आतला पातळ पांढरा भाग घट्ट होतो आणि मग काही केल्या पुन्हा पातळ होत नाही. बहुतेक प्रथिनांची हीच तऱ्हा. उष्णता लागली की त्यांची घडी मोडते, आणि घडी मोडली की काम संपले.

1960 च्या सुमारास लोरेन्त्स ग्रान हे नॉर्वेचे डॉक्टर कांगोमध्ये रेड क्रॉसच्या मदतकार्यात होते. प्रसूती लवकर व्हावी म्हणून तिथल्या बायका एका रोपाचा काढा घेतात, हे त्यांनी पाहिले. काढ्याचे नाव ‘कलाटा-कलाटा’. कळा येत खऱ्या, पण कधी कधी फारच जोराच्या. बाईच्या जिवाशी गाठ! तेव्हा काढ्यात आहे तरी काय, हे शोधणे भागच होते. निघाले ते एक पेप्टाइड, म्हणजे अगदी लहानसे प्रथिन. उकळूनही ते शाबूत राहिले होते.

त्याची रचना उलगडायला मात्र 1995 साल उजाडले. इतका उशीर का? असे पाहा, पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेच्या टोकापासून एकेक मणी सुटा करीत क्रम लावायचा, ही शास्त्रज्ञांची नेहमीची रीत. इथे टोकच सापडेना! 29 मण्यांच्या या माळेत पहिला मणी शेवटच्याला जोडलेला आहे.

शिवाय आत गाठ आहे. माळेतले सहा मणी गंधकयुक्त. ते दोन-दोन मिळून तीन बंध बांधतात. दोन बंध आणि त्यांच्यामधले माळेचे तुकडे मिळून एक लहान कडे होते, आणि तिसरा बंध त्या कड्यातून आरपार जातो. गंमत म्हणजे हे जोडकाम जे विकर करते, त्याच्या जातीची विकरे एरवी प्रथिने कापतात.

आपल्या पोटातली काही पाचक विकरे टोकाकडून कुरतडतात, काही मधेच तोडतात. पहिल्यांना इथे टोक मिळत नाही, दुसऱ्यांना गाठ दाद देत नाही. इन्सुलिन गिळले तर पोटात पचून जाते, म्हणून मधुमेही माणसाला सुई टोचून घ्यावी लागते, हे आपण जाणताच. औषधी तुकडा या गाठीच्या माळेत ओवला तर गोळीने भागेल का, असे प्रयोग चालू आहेत. तशी गोळी अजून दुकानात आलेली नाही.

पण झाड हा खटाटोप करते कशासाठी? माणसाच्या बाळंतपणाशी त्याला काय देणेघेणे! त्याची चिंता अळीची. कपाशीच्या बोंडात आणि हरभऱ्याच्या घाट्यात शिरणारी हिरवी अळी आपल्या शेतकऱ्याच्या चांगलीच ओळखीची आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिला हे पेप्टाइड खाऊ घातले, तेव्हा तिच्या आतड्यातल्या पेशी फुगून फुटलेल्या दिसल्या.

अशी पेप्टाइडे आपल्या कुंपणावरच्या गोकर्णातही आहेत, बरं का. 2011 साली ती सापडली. माळेची टोके झटपट जोडणारे विकर 2014 साली सिंगापूरच्या संशोधकांनी याच गोकर्णातून वेगळे केले. ऑस्ट्रेलियात तर गोकर्णाच्या अर्काचे कीटकनाशक कपाशीवर फवारण्यासाठी विकले जाऊ लागले आहे.