बोर्ड गेला, विंडोज शाबूत

नागपूरचा मे महिना मदरबोर्डाला मानवत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. कॉम्प्युटरच्या बंद पेटीच्या आत तर त्याहून जास्त. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरमध्ये द्रव असतो आणि दर १० अंश वाढीला त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. बिघडलेला कंडेन्सर नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतो: डोकं फुगलेलं, त्यावरची फुलीसारखी खाच उकललेली, कधी तिथून पाझरलेला तपकिरी थर.

धरमपेठेतून पेटी सीताबर्डीला नेली की बोर्ड बदलून मिळतो. पण सोबत बरेचदा ऐकावं लागतं, "फॉरमॅट मारावं लागेल." टॅलीचे हिशेब, बसवलेली सॉफ्टवेअर, सगळं पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा याची गरजच नसते.

विंडोज असते डिस्कवर, बोर्डावर नाही. चालू होताना बोर्डावरच्या बायोस या प्रोग्रामच्या मदतीने तिचा गाभा मेमरीत येतो आणि मग डिस्क वाचायचं काम विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे जातं. तो नव्या बोर्डाच्या कंट्रोलरशी जुळला नाही की निळा पडदा. २००१ च्या एक्सपीत हे नेहमीचंच होतं. विंडोज १० आणि ११ मात्र नवं हार्डवेअर ओळखून बहुधा स्वतःच ड्रायव्हर लावून घेतात. तरी अडलंच, तर आधी बायोस उघडावा. जुन्या बोर्डावर डिस्क एएचसीआय पद्धतीने चालत असेल आणि नव्यावर रेड निवडलेलं असेल, तर तेवढं बदलूनही काम होतं. लिनक्स तर दर वेळी सुरू होतानाच हार्डवेअर तपासतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न क्वचितच येतो.

परवान्याचं वेगळं. कॉम्प्युटरसोबत आलेल्या विंडोजचा परवाना मूळ बोर्डाशी बांधलेला असतो; सुटी विकत घेतलेली असेल, तर २०१६ पासून तो मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून नव्या बोर्डावर नेता येतो.

खरा धोका बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. त्याची किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. नव्या बोर्डावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते, आणि ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही हाती लागत नाही. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं.

म्हणून यंत्र चालू आहे तोवर, आजच, ती रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. दुकानात पेटी देताना पावतीवर लिहून घ्या: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.